सत्तेचाळीस नंबरची उचल

दोस्तांनो, आज तुम्हांला माझी एक फजिती सांगणार आहे. फजितीची गोष्ट म्हटली की आपण आधीच हसायला सरसावून बसतो. थोडं हसा, हरकत नाही. पण या फजितीत दुसऱ्यांचे पैसे गुंतले होते, म्हणून ती मला अजून पुरती विसरता आलेली नाही.

गोष्ट १९९५ सालची. मी तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय संगणक. संगणक शिकणारा मुलगा म्हणजे तेव्हा खेड्यात मोठीच चीज! सांगली जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी कुणाचा रेडिओ बिघडला, कुणाची मोटर जळली, तरी लोक म्हणायचे, "भाचा आलाय न्हवं? दाखवा की त्याला!" मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण कबूल करायला कोण तयार होतं?

माझे मामा गावातल्या दूध संस्थेचे सचिव होते. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे. दूध मापायचं, फॅट काढायची, वहीत मांडायचं. दर दहा दिवसांनी बिल. जितकं दूध आणि जितकी फॅट, त्या हिशेबानं पैसे. पण त्यातून एक गोष्ट वजा व्हायची, ती म्हणजे उचल. कुणी म्हशीसाठी पेंडीचं पोतं उधार नेलेलं असे, कुणी पोराच्या फीसाठी रोख रक्कम घेतलेली असे. तेवढे पैसे बिलातून कापून उरलेले हातात. बिलाच्या आदल्या दोन रात्री मामा नि त्यांचा मदतनीस कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे आणि पहाटे कधीतरी उठायचे.

त्या वर्षी संस्थेनं एक जुना संगणक विकत घेतला. थ्री-एट-सिक्स. आज तुमच्या आईच्या मोबाइलपुढं तो अगदीच बापुडवाणा वाटेल, पण त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून मामीनं पलंगपोस फाडून खोळ शिवली होती. दिवाळीच्या सुटीत मी गेलो तेव्हा मामा म्हणाले, "ह्या दोन रात्रींची कटकट तेवढी मिटव बाबा."

मी म्हटलं, "त्यात काय!"

चार दिवसांत प्रोग्राम लिहिला, सी नावाच्या भाषेत. प्रत्येक सभासदाचं एक कार्ड असावं तशी मी मेमरीत त्याची जागा केली. पहिल्या रकान्यात कोड नंबर, मग दूध, मग फॅट, मग उचल. आणि कीबोर्डवरून आकडा घ्यायचं काम पुन्हा पुन्हा लागणार, म्हणून त्यासाठी एक फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे हाताखालचा गडीच समजा. त्याला हाक मारायची, काम सांगायचं, तो ते करून परत येतो.

पहिल्याच चाचणीत घोळ झाला. एका काल्पनिक सभासदाचं बिल चारशे रुपये यायला हवं होतं, आलं उणे २५५ रुपये ३६ पैसे! म्हणजे दूध घालून वर त्यानंच संस्थेला पैसे द्यायचे. हा घोळ मात्र मी तासाभरात पकडला. त्याचं कारण सांगतो, कारण खरी गंमत तिथूनच सुरू होते.

संगणकाची मेमरी म्हणजे छोट्या छोट्या खणांची लांबच लांब रांग. एका खणाला बाइट म्हणतात आणि त्यात ० ते २५५ यांतला एक आकडा मावतो. प्रत्येक खणाला नंबर असतो, तोच त्याचा पत्ता. मोठा आकडा ठेवायचा तर एकापेक्षा जास्त खण लागतात. मी वापरत होतो त्या टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला, म्हणजे 'इंट'ला, दोन खण मिळायचे. त्यात ३२७६७ पर्यंतच मजल जाते. मी हिशेब पैशांत करत होतो. चारशे रुपये म्हणजे ४०,००० पैसे! स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर फिरून शून्यावर येतं ना, तसा हा आकडा फिरला. फक्त शून्यावर न येता तो उण्याच्या टोकाला जाऊन पडला.

उपाय सोपा होता. सीमध्ये 'लाँग' नावाचा दुसरा प्रकार आहे. त्याला टर्बो सीमध्ये चार खण मिळायचे आणि त्यात २१४ कोटींच्याही पुढचा आकडा मावायचा. मी बिलाची रक्कम लाँग केली. आकडा घेणाऱ्या त्या गड्यालाही सांगितलं, की बाबा रे, यापुढं तू लाँगच आणायचास. दूध, फॅट आणि उचल यांचे रकाने मात्र इंटच राहू दिले. त्यांतले आकडे लहानच असणार, उगाच जागा का वाया घालवा?

पुन्हा चाचणी घेतली. सगळी बिलं बरोबर. मामांनी माझी पाठ थोपटली. मामीनं चकल्या दिल्या.

बिलाच्या आदल्या दिवशी मामांनी स्वतः उचलवहीतून प्रत्येकाची उचल यंत्रात भरली. रात्री मी दूध नि फॅटचे आकडे घातले. नऊ वाजता काम खलास! प्रिंटर कर्रकर्र करत बिलाच्या चिठ्ठ्या ओकत होता आणि मामा कौतुकानं बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे वाटून झाले.

संध्याकाळी दुधाच्या वेळेला एक आजी आल्या. कोड नंबर सत्तेचाळीस. एकच म्हैस, घरात दुसरं कर्तं माणूस नाही. चिठ्ठी आणि पैसे दोन्ही त्यांनी पदराच्या गाठीतून सोडले आणि टेबलावर ठेवले.

"बाळा, ह्यात माझी उचल कापल्याली न्हाई."

मी चिठ्ठी बघितली. दूध ४० लिटर, दर ७ रुपये ८० पैसे, बिल ३१२ रुपये. उचल शून्य. मी म्हटलं, "आजी, तुमची उचल नाहीच. हे बघा, शून्य आलंय."

"दीडशाची पेंड न्हेली हुती की मी."

आता मी काय बोललो ते ऐका. मी हसून म्हणालो, "आजी, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकत नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की अजून आठवलं तरी मान खाली जाते. म्हणाल्या, "तुझं मिशिन काय म्हनतंय ते मला ठावं न्हाई. मी पेंड न्हेली हुती, ते मला ठावं हाय."

मामांनी मुकाट्यानं उचलवही उघडली. सत्तेचाळीस नंबर, पेंड, १५० रुपये, अंगठा. मग त्यांनी पुढच्या पानावरचं एक नाव काढलं आणि त्याच्या चिठ्ठीची संस्थेकडची प्रत बघितली. उचल शून्य. आणखी एक. शून्य. मामांचा चेहरा उतरत गेला. एकाही माणसाची उचल कापली गेली नव्हती! वाटलेल्या जादा पैशांची बेरीज साडेनऊ हजारांच्या घरात गेली. मामांचा आठ-नऊ महिन्यांचा पगार होता तो. आणि सही मामांची होती, माझी नव्हे.

त्या रात्री मी जेवलो नाही. चकल्याही तशाच राहिल्या.

मित्रांनो, आता थोडं थांबू आणि चूक कुठं होती ते बघू. त्यासाठी आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. समजा, तुमच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही हवी आहे. तुम्ही प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स काढली आणि बाबांना दिली. त्यांनी सही केली. पण मूळ प्रगतिपुस्तक कोरंच! फंक्शनला नुसती किंमत दिली तर असंच होतं. त्याला नक्कल मिळते. तो तिच्यावर काहीही करो, आपलं मूळ तसंच राहतं. उलट तुम्ही बाबांना म्हणालात, "प्रगतिपुस्तक टेबलाच्या वरच्या खणात आहे, तिथं जाऊन सही करा," तर सही मूळ पुस्तकावर होईल. तुम्ही पुस्तक दिलं नाही, त्याचा ठावठिकाणा दिला. व्हेरिएबल 'रेफरन्सनं' देणं म्हणतात ते हेच. सीमध्ये व्हेरिएबलच्या आधी & हे चिन्ह लावलं, की त्याचा पत्ता मिळतो.

माझ्या गड्याला मी असाच पत्ता देत होतो. द्यायलाच हवा होता, नाहीतर त्यानं आणलेला आकडा माझ्या रकान्यात पोचलाच नसता.

पण पत्त्यात एक गोम आहे. पत्ता फक्त 'कुठं' ते सांगतो. 'किती' ते सांगत नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. आत छोट्या वाट्या, एकीला खेटून एक. मोहरी, जिरं, हळद, तिखट. आईनं तुम्हांला सांगितलं, "हळदीच्या वाटीत हळद भर." तुमच्या हातात आहे मोठा डाव आणि डोळे आहेत टीव्हीकडं. जागा तुम्ही बरोबर शोधली, ओतलीतही हळदच. पण वाटी एका चमच्याची, डाव दोन चमच्यांचा. उरलेली हळद कुठं जाणार? शेजारच्या तिखटात. आणि दुपारी आई भाजी चाखून म्हणणार, "आज तिखट का लागत नाहीये?" ती तिखटाला दोष देईल. हळदीचा संशय कुणाला येतो?

आता वही-पेन्सिल घ्या आणि एका ओळीत सहा चौकोन काढा. पहिले दोन दुधाचे, पुढचे दोन फॅटचे, शेवटचे दोन उचलीचे. आजींची दीडशे रुपये उचल मामांनी आधीच भरली होती, म्हणून शेवटच्या दोन चौकोनांत १५० आणि ० लिहा. (दोन खणांचा आकडा वाचायचा कसा? पहिला खण, अधिक दुसऱ्या खणाची २५६ पट. इंटेलच्या प्रोसेसरांत लहान भाग आधी, मोठा मागून, अशीच रीत आहे.) मामा उचल भरत होते ते एका वेगळ्या फंक्शनमधून. ते मी आधीच लिहिलं होतं आणि त्यात हा घोटाळा नव्हता, हेही ध्यानात ठेवा.

आता दूध. लिटरचा अपूर्णांक नको म्हणून मी दूध शंभर मिलिलिटरच्या मापात घ्यायचो, म्हणजे ४० लिटरचे ४००. चारशे म्हणजे २५६ अधिक १४४. पहिल्या चौकोनात १४४, दुसऱ्यात १ लिहा. साधा इंट असता तर इथंच थांबायचं होतं. पण माझा गडी लाँग आणत होता. त्याला चार खण भरायचे होते! त्यानं पुढच्या दोन खणांत, म्हणजे फॅटच्या घरात, ० आणि ० टाकून दिले.

मग फॅट. साडेसहा फॅट मी ६५ अशी घ्यायचो. तिसऱ्या चौकोनात ६५, चौथ्यात ०. फॅटची जागा पुन्हा नीट भरली गेली, त्यामुळं मघाचा घोटाळा झाकला गेला. पण गडी अजून दोन शून्यं हातात घेऊन उभा आहे. ती कुठं टाकणार? पाचव्या आणि सहाव्या चौकोनात. खोडा ते १५० आणि तिथं ० लिहा.

गेली आजींची उचल!

कागदावर हे दोन मिनिटांत दिसतं. मला दीड दिवस लागला. कारण जिथं शून्य दिसत होतं तिथंच मी शोधत होतो. उचल कापण्याच्या ओळी मी वीसदा वाचल्या. त्या बिचाऱ्या निर्दोष होत्या. शेवटी कंटाळून प्रत्येक पायरीनंतर उचलीचा आकडा पडद्यावर छापून बघितला. दूध घेतल्यावर १५०. फॅट घेतल्यावर ०. फॅटचा नि उचलीचा काय संबंध? मग दोघांचे पत्ते छापले. त्यांच्यात अंतर दोनच खणांचं. मी त्या दोनाकडं बघत बसलो आणि एकदम लख्ख झालं. गडी चार खण भरतोय!

तुम्ही विचाराल, चाचणीत हे का नाही कळलं? कारण चाचणीसाठी मी जे दहा सभासद मनानं तयार केले होते, त्यांतल्या एकानंही उचल घेतली नव्हती. शून्यावर शून्य पडलं तर दिसणार काय? मला कधी उचल घ्यावी लागली नव्हती, म्हणून माझ्या खोट्या सभासदांनाही ती सुचली नाही. (पालकांनो, हे तुमच्यासाठी. मुलांनी काही बनवून दाखवलं की शाबासकी द्याच, पण एखादा अडचणीचा प्रश्नही विचारा.)

पण माझी खरी लाज पुढंच आहे.

आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. उतरवण्याच्या त्या घटकेला त्याच्याजवळ दोन्ही बाजूंची माहिती असते. देणारा काय देतोय? इंटचा पत्ता. घेणारा काय मागतोय? लाँगचा पत्ता. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की विसंगती दिसते. हिलाच टाइप मिसमॅच म्हणतात. एकदा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत गेला, की त्या चिठ्ठ्या गळून पडतात. उरतात ते नुसते पत्ते, नुसते नंबर. मग प्रोसेसरला कुठल्या घरात इंट राहतो नि कुठल्या घरात लाँग, याचा पत्ताच नसतो. तो सांगितलं तिथं, सांगितलं तेवढं ओततो. म्हणजे ही चूक सुखासुखी पकडण्याची घटका एकच, आणि ती प्रोग्राम चालू होण्याआधीची.

आणि माझ्या कंपायलरनं ती पकडली होती!

पडद्यावर खाली स्वच्छ अक्षरांत आलं होतं, 'सस्पिशस पॉइंटर कन्व्हर्जन'. म्हणजे पत्त्याची ही अदलाबदल संशयास्पद वाटते. पण ती 'एरर' नव्हती, 'वॉर्निंग' होती. एरर असली की प्रोग्राम तयारच होत नाही. वॉर्निंग असली तरी होतो. तिच्या आगेमागे आणखी सहा-सात वॉर्निंग होत्या, अमुक व्हेरिएबल वापरलंच नाही वगैरे, अगदी निरुपद्रवी. मी त्या सगळ्या एका दमात उडवून लावल्या. एरर शून्य आहेत ना, मग झालं!

सुटी संपल्यावर आमच्या सरांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्या फाइलच्या नावातलं शेवटचं 'सी' काढून 'सीपीपी' कर आणि पुन्हा कंपाइल कर." मी केलं. आमचा टर्बो कंपायलर नाव बघून ठरवायचा, की ही सी आहे की सी प्लस प्लस. आणि सी प्लस प्लस म्हटल्यावर त्यानं प्रोग्राम करायलाच नकार दिला. तीच ओळ, तीच चूक, पण आता ठणठणीत एरर! टाइप मिसमॅच. एका नावाच्या फरकानं मामांची ती रात्र वाचली असती.

असं का, ते सरांनी सांगितलं. सी भाषा अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. तिच्या आधीच्या बी नावाच्या भाषेत प्रकारच नव्हते, सगळे डबे एकाच मापाचे. सीमध्ये प्रकार आले, पण फंक्शनला दिलेली वस्तू आणि त्यानं मागितलेली वस्तू जुळते का, हे सुरुवातीचे कंपायलर बघतच नसत. लिहिणारा शहाणा आहे असं ते धरून चालत. शहाण्यांच्याही चुका होतातच. म्हणून त्याच प्रयोगशाळेतल्या स्टीफन जॉन्सन यांनी 'लिंट' नावाचा वेगळा प्रोग्राम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले धाग्यांचे बारीक कण. हा प्रोग्राम तुमचा प्रोग्राम वाचायचा आणि असे कण वेचून दाखवायचा. दिलेलं नि मागितलेलं जुळत नाही, ही तक्रार त्याच्या यादीत होतीच. पुढं १९८९ साली अमेरिकेत सीचे नियम अधिकृतपणे ठरले, तेव्हा फंक्शन काय मागतं ते आधीच जाहीर करायची सोय सी प्लस प्लसकडून घेण्यात आली. त्यामुळं मला निदान वॉर्निंग तरी मिळाली.

सी शिकण्याआधी पहिल्या वर्षी आम्हांला पास्कल होती. निकलाउस व्हिर्ट या स्विस प्राध्यापकांची, १९७० सालची भाषा. तिच्यात व्हेरिएबल रेफरन्सनं द्यायचं तर दोन्हीकडचा प्रकार तंतोतंत तोच हवा. नसेल तर टर्बो पास्कल 'एरर २६' म्हणून अडून बसायची. आम्ही मुलं तिला बालवाडीच्या बाई म्हणायचो. सी मात्र मोठ्या माणसांची भाषा, कुणी हात धरत नाही. ही फुशारकी मी वर्गात किती वेळा मारली असेल!

सरांनी आणखी एक किस्सा सांगितला, तो मला फार आवडतो. फोरट्रान ही १९५७ साली आलेली भाषा. तिच्या काही जुन्या कंपायलरांत सगळंच पत्त्यानं दिलं जायचं, अगदी ४ हा साधा आकडासुद्धा. फंक्शननं त्या पत्त्यावर ५ लिहून ठेवले, तर पुढं प्रोग्राममध्ये जिथं जिथं ४ लिहिलंय तिथं ५ धरले जायचे! दोन अधिक दोन किती ते सोडा, चारच चार राहत नसत. बदलण्याची वस्तू नि न बदलण्याची वस्तू, हेही शेवटी प्रकारच की. तेही कुणीतरी तपासायला हवेत.

आज तुमच्यापैकी काहीजण शाळेत पायथन शिकत असतील. तुम्ही म्हणाल, आमच्याकडं खण नाहीत, पत्ते नाहीत, इंट-लाँगची भानगड नाही. बरोबर आहे. पायथनमध्ये प्रत्येक वस्तू स्वतःच्या प्रकाराची चिठ्ठी गळ्यात घालूनच फिरते, त्यामुळं शेजाऱ्याच्या घरात सांडलवंड होत नाही. पण मजकुरात आकडा मिळवायला गेलात तर 'टाइप एरर' येते, आणि तीही ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हाच. बिलाच्या रात्री नऊ वाजता आली तर? म्हणून २०१५ पासून पायथनमध्येही फंक्शन काय मागतं ते लिहून ठेवायची सोय झाली आणि ते आधीच तपासणारे वेगळे प्रोग्राम आले. त्या लिंटचेच नातू म्हणा ना! सीचा प्रसिद्ध कंपायलर जीसीसी, त्याच्या २०२४ साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीनं तर माझीच चूक एरर ठरवली. जुळत नसलेल्या प्रकाराचा पत्ता दिला की ती वॉर्निंगवर सोडत नाही, थेट अडवते. ती बातमी वाचली तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. घरच्यांना कळेना काय झालं.

आणि हो, सी शिकणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. कीबोर्डवरून आकडा घ्यायला तुम्ही 'स्कॅनएफ' वापरता ना? तिथं प्रकार अवतरणचिन्हांत लिहायचा असतो आणि पत्ता मागून द्यायचा असतो. अवतरणातलं वाचून पत्त्याशी जुळवणं भाषेच्या नियमांत बसत नाही. चांगले कंपायलर ते आपणहून करतात, पण सांगितलं तर. जीसीसीला 'वॉल' हा पर्याय द्या, म्हणजे तो बोलायला लागेल. टर्बो सीमध्ये दशांशाच्या व्हेरिएबलला पूर्णांकाची खूण दिली की बहुतेक वेळा उत्तर ०.०० यायचं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा पहिला प्रोग्राम असाच शून्य छापून मोकळा झाला होता.

मामांचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. मी प्रोग्राम दुरुस्त केला, म्हणजे दूध नि फॅटचे रकाने लाँग केले, आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. मामा आणि मी घरोघरी फिरलो. बहुतेकांनी "पुढच्या बिलात कापा" म्हटलं. काहींनी तिथल्या तिथं पैसे काढून दिले. दोघांनी बराच वाद घातला; एकदा दिलेले पैसे परत कसले मागता, म्हणाले. त्यांच्यापुढं मामांनी उचलवही धरली तेव्हा ते गप्प झाले. ती कागदाची वही मामांनी ठेवली होती म्हणून बरं. मी तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, की आता वह्या कशाला?

पुढच्या बिलाला शनिवार-रविवार जोडून मी मुद्दाम गेलो. या वेळी खोट्या सभासदांना मी भरपूर उचल दिली होती, आणि वॉर्निंग एकही शिल्लक ठेवली नव्हती. तरी छातीत धडधडत होतंच.

सत्तेचाळीस नंबरच्या आजी आल्या. चिठ्ठी मला परत देत म्हणाल्या, "वाच."

"दूध अडतीस लिटर. बिल दोनशे शहाण्णव रुपये चाळीस पैसे. उचल शंभर."

"कापली का?"

"कापली, आजी. हातात एकशे शहाण्णव चाळीस."

त्या खाली बसल्या. बोटांच्या पेरांवर त्यांनी सावकाश काहीतरी मोजलं, नोटा मोजल्या, चिल्लर मोजली, मग पुन्हा एकदा पेरं मोजली. मी उभाच होतो. मग त्यांनी शाईच्या पॅडकडं हात केला आणि अंगठा उमटवला.